सात टोप्या आणि एक विलीज

उखर्डूने ती जीप पहिल्यांदा पाहिली तेव्हा धुळ्यात भर दुपारचे बारा वाजले होते आणि पांझरा नदी वाहायची थांबली होती. नदी तशी मार्चपासूनच थांबलेली होती, पण सांगताना उखर्डू ते सांगत नसे. त्याच्या सांगण्याप्रमाणे हाशम मिस्त्रीने हँडल मारलं, पहिला आवाज निघाला, आणि त्यासरशी आग्रा रोडवरचे ट्रक आपण होऊन कडेला लागले. गॅरेजच्या पत्र्यावरचे कावळे उडाले ते थेट नंदुरबारला उतरले. शेजारच्या रसवंतीचा बैल उलटा फिरायला लागला. एक शेळी जागच्या जागी बसली ती दिवे लागेपर्यंत उठली नाही. मग धूर. त्या धुरातून, गाभाऱ्यात डोळे सरावल्यावर देवीचे डोळे आधी दिसावेत तसे, आधी दोन गोल दिवे दिसले. मग त्यांच्यामधली उभ्या फटींची जाळी, मग सपाट बॉनेट. उखर्डूच्या पायातली एक चप्पल कधी निघाली ते त्याला कळलं नाही. दुसरी त्याने स्वतः काढली.

ही हकिगत एकोणीसशे ब्याऐंशीची. तेव्हा त्यात शेळी एक होती. नव्वद सालापर्यंत शेळ्या तीन झाल्या आणि त्यातली एक गाभण होती.

खरं म्हणजे तो धुळ्याला बैलबाजारासाठी आला होता. शिरपूर तालुक्यातल्या आंबेपिंप्रीत त्याची दहा बिघे कापसाची जमीन, घरात म्हातारी आई शेवंताबाई आणि बायको कुंदाबाई. आईने बैलजोडी आणायला पाठवलं होतं. बैलांचे दात बघून बघून थकल्यावर तो सावलीसाठी हाशमच्या गॅरेजात शिरला आणि संध्याकाळी बैलांच्या पैशात जीप घेऊन घरी आला.

हाशम मिस्त्री हा माणूस जीप विकत नसे, जीपची सोयरीक जमवत असे. आधी मुलीचं घराणं सांगे. "उखर्डूभाऊ, ही विलीज आहे, विलीज. अमेरिकेत लढाईच्या वेळी जन्मली. मोठमोठ्या कारखान्यांनी हात टेकले होते, एवढ्या थोड्या दिवसांत अशी गाडी बनणार नाही म्हणून. बनली. वाळूत चालली, चिखलात चालली, बर्फात चालली. जर्मन लोक तिला बघून पळाले." पुढे लढाई संपली, लष्कराने जीपा लिलावात काढल्या, त्यातली ही एक. स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबईला माझगावात महिंद्राने अमेरिकेहून सुटे भाग आणून त्या जोडायला सुरुवात केली, आणि मग इथेच बनवायला लागले, हेही तो सांगे. महिंद्राच्या जीपबद्दल त्याचं मत चांगलं होतं, पण ते धाकट्या सुनेबद्दल असतं तसं चांगलं होतं. "जाळीच्या फटी मोजा," तो म्हणे. "सात असल्या तर गावातली. नऊ असल्या तर लढाईतली."

उखर्डूने मोजल्या. नऊ होत्या. खरेदी तिथेच झाली.

तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. डिझेलची टाकी थेट चालकाच्या बुडाखाली होती. त्यामुळे पंपावर गेलं की उखर्डूला उठून, गादी उचलून, पाहुण्याला जागा करून द्यावी तसं पंपवाल्याला बोलवावं लागे. पुढचे दिवे फिरकी सैल करून उलटे वळवता येत, म्हणजे प्रकाश रस्त्यावर पडायच्या ऐवजी इंजिनावर पडे. ज्याने हे योजलं त्याला गाडी कधी बंद पडते ते माहीत होतं, असं हाशम कौतुकाने म्हणे. मूळचं पेट्रोलचं इंजिन काढून त्याने डिझेलचं बसवलं होतं. दारं नव्हती. मऊ म्हणावं असं गाडीत काहीच नव्हतं. पण मोठ्या गिअरच्या शेजारी दोन छोट्या दांड्या होत्या, आणि हाशमने त्या दाखवताना आवाज खाली आणला होता. एरवी जीप मागच्या दोन चाकांवर चालते. या दांड्या ओढल्या की पुढची दोनही जोर लावतात. "मग ही भिंतीवर चढते," तो म्हणाला. "भिंत फक्त पक्की पाहिजे."

घरी आल्यावर शेवंताबाईने जीपला कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. बैल नाहीत हे तिने पाहिलं होतं, पण मुलगा इतका खूश तिने कधी पाहिला नव्हता.

"खानं काय शे हिनं?" तिने विचारलं.

"डिझेल, माय."

"आनि शेन?"

उखर्डूने मागच्या नळीतून येणारा धूर दाखवला. म्हातारी काही बोलली नाही. कुंदाबाई मात्र बोलली, आणि पावसाळा लागेपर्यंत अधूनमधून बोलत राहिली.

उखर्डूच्या नावाचं थोडं सांगायला हवं. शेवंताबाईची आधीची चार लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून पाचवं झाल्याबरोबर त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवलं, शेजारणीने "सापडलं" म्हणून उचललं आणि आईला परत आणून दिलं. खानदेशात उकिरड्याला उखर्डा म्हणतात, म्हणून नाव उखर्डू. यमाने यादी वाचताना या नावाशी तोंड वाकडं करावं आणि पुढे जावं, अशी कल्पना. यम फसला. उखर्डू सहा फूट वाढला. पण त्याला भाऊ राहिला नाही आणि बहीणही राहिली नाही.

आणि बहीण नसणं म्हणजे काय, हे खानदेशात वर्षातून एकदा नीट कळतं. आखाजी हा तिकडे लेकींचा सण. वैशाखात, शेताला काही काम नसताना, सासरी गेलेल्या सगळ्या लेकी माहेरी येतात. लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, सांजोऱ्या खातात, आमरसात हात कोपरापर्यंत बुडवतात आणि तीन दिवस सासूचं नाव काढत नाहीत. काढलं तर नक्कल करण्यापुरतं. लेकीला आणायला भावाने जायचं असतं. जाणाऱ्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला नाही तर लेक जात नाही, हा नियम. आणि पुरुषांचा नियम असा, की आखाजीला पत्ते खेळायचे. हे दोन नियम एकाच दिवशी लागू होतात, आणि आंबेपिंप्रीतल्या भावांचा पहिल्याशी जीव गुंतलेला असला तरी दुसऱ्यात हात गुंतलेले असत.

तेव्हा जीप आल्यावर पुढच्याच वर्षी गावातल्या भावांनी उखर्डूला सांगितलं, की तू रिकामाच आहेस, जा आणि सगळ्यांना घेऊन ये. तो गेला आणि पाच गावांतून रिकामा परत आला. प्रत्येक सासूने परक्या माणसाच्या गाडीत सून बसवायला नकार दिला, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. गाडी लढाईतली आहे असं त्याने एका ठिकाणी सांगून पाहिलं. त्याने उलट नुकसान झालं.

चौऱ्याऐंशीच्या आखाजीला यावर तोड निघाली. प्रत्येक भावाने आपली टोपी उखर्डूपाशी दिली. टोपी बहिणीला ओळखू येते. कुठे तेलाचा डाग आहे, कुठे टाका घातला आहे, हे तिला सहीसारखं माहीत असतं. टोपी आली म्हणजे भाऊ आला, हे सासवांनाही मान्य झालं. भाऊ घरी उघड्या डोक्याने पत्ते पिसत बसले आणि उखर्डू सहा टोप्या घेऊन निघाला. दोन पुढच्या काचेच्या खटक्यांना, एक मोठ्या गिअरला, दोन स्टिअरिंगला आणि एक आरशाला. ऊन फार लागलं तेव्हा त्याने स्वतःची टोपी काढून छोट्या दांडीवर अडकवली आणि डोक्याला पंचा गुंडाळला. अशा सात झाल्या.

सगळ्यांत लांबचं गाव खैरबर्डी. सातपुड्याच्या पायथ्याला, अनेर नदीच्या पलीकडे. पूल नव्हता. वैशाखात नदीत पाणी नसे, वाळू असे, आणि ती पाण्याहून वाईट. एस.टी. अलीकडच्या काठावर थांबे आणि बायका डोक्यावर बोचकं घेऊन, तळपाय भाजत, वाळूतून पलीकडे जात. खैरबर्डीत चार चाकांचं काही कधी आलं नव्हतं. उखर्डूने दांड्या ओढल्या, जीप वाळूत बसली, घुरघुरली आणि बदकासारखी हलत पलीकडे चढली. गावातली कुत्री भुंकायला आली आणि भुंकणं विसरून बघत राहिली.

तिथे एकच लेक घ्यायची होती, पत्ते पिसणाऱ्या भावांपैकी वनाची बहीण बेबाबाई. तिने आरशावरची टोपी ओळखली, डोळ्यांना लावली आणि मागे चढून बसली. तेवढ्यात दुसरी एक बाई पुढे आली. तिशीची, उन्हाने रापलेली, काखेत गाठोडं. तिने उरलेल्या टोप्या एकेक करून पाहिल्या. उलट्या करून आतून पाहिल्या. मग छोट्या दांडीवरची काढली आणि मागे उभ्या असलेल्या सासूला दाखवली.

"मना भाऊनी टोपी शे."

सासू ताईबाई. उंच, काटक, नाकात मोठी नथ, आणि नजर अशी की दूधवाला पाणी घालण्याआधी दोनदा विचार करी. तिने टोपीकडे पाहिलं, उखर्डूकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "निंबानी शे का?" तिने विचारलं. सून हो म्हणाली. ताईबाईने मान हलवली. स्वतःची टोपी दांडीवर अडकवल्याचं उखर्डू विसरून गेला होता. त्याला वाटलं, कुणीतरी घाईत सातवी टोपी देऊन सांगायचं विसरलं असेल. गावात निंबा नावाचे तीन होते. त्याने गाडी सुरू केली.

ती बाई पुढे त्याच्या उजवीकडे बसली. वाटेत आणखी पाच गावांतून पाच लेकी चढल्या. आग्रा रोडला लागल्यावर नेहमीची अडचण आली. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे ट्रकच्या मागे असताना उखर्डूला पुढचं काही दिसत नसे, आणि उजवीकडे बसलेल्याने बघून सांगावं लागे. कुंदाबाई बसली की डोळे मिटून घेई आणि सगळ्यालाच नको म्हणे. या बाईने पदर खोचला, बाहेर वाकली, पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "ये." त्याने गाडी काढली. पुढे म्हणाली, "थांब." तो थांबला. शिरपूर येईपर्यंत एवढंच बोलणं झालं, आणि दोन वर्षांत इतका निर्धास्त तो त्या रस्त्याने कधी आला नव्हता.

आंबेपिंप्रीत एकेक दार आलं आणि एकेक लेक उतरली. हसणं, रडणं, पाण्याचे तांबे. शेवटी गल्ली संपली, उखर्डूचं घर आलं आणि गाडीत ती एकटी उरली.

"बाई, तुले कोठे उतारू?"

"जेनी टोपी शे तेना घर."

"टोपी तं मनी शे."

मग मांडीवरच्या टोपीकडे बघत, हळूच पण न डगमगता तिने सांगितलं. तिचं नाव भागाबाई. माहेर एदलाबादकडचं, दोन दिवसांच्या वाटेवर, आणि तिथे आता कुणी नव्हतं. आईबाप लहानपणी गेले, काकाने लग्न लावलं, काकाही गेला. काकाचा मुलगा निंबा सुरतेला गिरणीत गेला तो गेलाच. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. एदलाबादची बोलीसुद्धा जिभेवरून गेली होती. अकरा आखाज्या ती गाठोडं बांधायची आणि सण झाला की सोडायची. या वर्षी दारात गाडी आली आणि गाडीला टोप्या होत्या.

उखर्डूने एवढंच विचारलं, की मग हीच टोपी का.

"बठ्ठ्या टोप्यास्मा हाईच जास्ती मळेल व्हती," भागाबाई म्हणाली. "म्हनलं, यानी टोपी धुवाले बहीन नसेल."

तो खाली उतरला, गादी उचलून टाकीत डिझेल किती आहे ते पाहिलं, पुन्हा गादी ठेवली. तोपर्यंत कुंदाबाई दारात आली होती. नवरा बैल आणायला जाऊन जीप आणतो हे तिने सोसलं होतं. आता जीपमधून बाई घेऊन आला होता. त्याने सगळं खरं सांगितलं आणि उलटसुलट सांगितल्यामुळे ते अगदी खोटं वाटलं. कुंदाबाई कमरेवर हात ठेवून सासूकडे वळली, की बघा तुमचा मुलगा, गाडीत बाई सापडली म्हणतो.

शेवंताबाई ओट्यावर सांजोऱ्या लाटत होती. तिने पिठाचे हात झटकले आणि मुलाकडे बघून म्हणाली, "तूबी उखर्डावर सापडेलच शे." आणि मग भागाबाईला, "ये व माय. पाय धू."

तीन दिवस भागाबाई त्या घरात राहिली. पहिल्या दिवशी ती पाहुणीसारखी वागली. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी रिठ्याने धुतली आणि कुडाच्या काठीला वाळत घातली. तिसऱ्या दिवशी झोक्यावर ती आणि कुंदाबाई समोरासमोर उभ्या राहून इतक्या उंच गेल्या की लिंबाच्या निंबोण्या पत्र्यावर पडल्या. त्या रात्री उखर्डू पत्त्यांत सगळं हरला आणि खूश होता. गावात सगळ्यांच्या बहिणी आल्या होत्या. त्याचीही आली होती.

सण संपल्यावर लुगडं-चोळी, डांगर आणि सांजोऱ्यांचा डबा देऊन त्याने तिला परत पोचवलं. ताईबाईने लुगड्याचा काठ बोटांनी तपासला आणि विचारलं, निंबा स्वतः का आला नाही. उखर्डू म्हणाला, त्याला ताप आहे.

इथून त्या निंबाचे हाल सुरू झाले. पंच्याऐंशीला त्याचा पाय मुरगळला. शहाऐंशीला गाय व्याली. सत्त्याऐंशीला उखर्डूची कल्पनाशक्ती थकली आणि त्याने निंबाला वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी लावून दिली. ही फार सोयीची नोकरी ठरली. देशाचं काम, रजा मिळत नाही, आणि जास्त विचारलेलं चालत नाही. त्यानंतर निंबाला बढती मिळाली. नवीन क्वार्टर मिळालं. नव्वद साली त्याला एक मुलगा झाला, आणि ताईबाईने बाळासाठी कुंची शिवून पाठवली. ती कुंची कुंदाबाईने ट्रंकेत जपून ठेवली. फेकवेना आणि कुणाला घालवेना. भागाबाईने सासूला एवढं खोटं बोलणं बरं नाही, असं कुंदाबाई दर वर्षी म्हणे, आणि दर वर्षी आखाजीच्या आधी आठ दिवस नवऱ्याला विचारी, गाडी नीट आहे ना, हाशमकडे दाखवून आण.

मधल्या काळात रस्त्यावर नव्या जीपा आल्या. महिंद्राची कमांडर आली, लांबलचक, मागे दहा माणसं बसतील अशी, काळ्यापिवळ्या रंगाची. मार्शल आली. शिरपूरच्या स्टँडवर त्यांची रांग लागे. त्यांच्या मालकांना उखर्डूच्या जीपची थट्टा करण्यात फार रस होता. डावीकडे बसून चालवतो, गिऱ्हाईक त्यालाच भाडं विचारायला उजवीकडे जातं, वगैरे. उखर्डू शांतपणे विचारी, तुमच्या फटी किती. आणि अनेरच्या वाळूत त्यातली एकही उतरत नसे, कारण स्वस्तातल्या म्हणून त्यांनी पुढची चाकं ओढणाऱ्या दांड्यांवाचूनच्या गाड्या घेतल्या होत्या. खैरबर्डीला जायची वेळ आली की थट्टा बंद होई आणि विलीज निघे.

ब्याण्णव साली आखाजीच्या पंधरा दिवस आधी एस.टी.च्या कंडक्टरबरोबर ताईबाईचा निरोप आला. या वर्षी निंबाने स्वतः यावं. टोपी चालणार नाही. तो आला नाही तर सून जाणार नाही. या वर्षी नाही आणि पुढेही नाही.

उखर्डूचं जेवण कमी झालं. भागाबाईला जसं कुणी नव्हतं, तसं त्यालाही कुंदाबाई आणि आखाजीचे तीन दिवस सोडले तर कुणी नव्हतं. शेवंताबाई दोन वर्षांपूर्वी गेली होती, आणि तेव्हा भागाबाईने लेकीचं सगळं केलं होतं. खरं सांगावं तर ताईबाई म्हणेल, आठ वर्षं माझी सून परक्याच्या घरी राहिली. आणि मग भागाबाईचं त्या घरात काय होईल, हे त्याला डोळ्यांसमोर आणवेना. तो हाशमकडे गेला. हाशमने इंजिन ऐकलं, मग हकिगत ऐकली आणि म्हणाला की निंबा पाहिजे असेल तर मी होतो निंबा, टोपी दे. उखर्डूने त्याच्या हातभर लाल दाढीकडे पाहिलं. हाशमने स्वतःच मान हलवली. "मग तूच जा," तो म्हणाला. "गाडीला मी बघतो. बोलायचं तू बघ."

मुराळी म्हणून जायच्या दिवशी उखर्डू एकटाच निघाला. डोक्यावर स्वतःची टोपी घातली होती. वाटभर तो मोठ्याने बोलण्याचा सराव करत होता. "ताईबाई अक्का, मी गुन्हेगार शे," अशी सुरुवात होती. ती फार पोलिसी वाटली म्हणून बदलली. नदी आली, तो बोलत बोलतच वाळूत उतरला, आणि बोलण्याच्या नादात आयुष्यात पहिल्यांदा त्या दोन छोट्या दांड्या ओढायला विसरला. पात्राच्या मध्यावर विलीजची मागची चाकं फिरली, वाळू उडाली आणि गाडी पोटापर्यंत खाली बसली.

पलीकडच्या काठावर सगळी खैरबर्डी उभी होती. आठ वर्षं हा चमत्कार बघायला लोक काठावर येत, आज चमत्कार उलटा झाला होता. कुणी फळ्या आणल्या. भागाबाईचा नवरा सुकदेव, जो वर्षातून चार वाक्यं बोलत असे, बैलजोडी घेऊन आला, जू जीपच्या पुढच्या आकड्याला बांधलं आणि म्हणाला, "हाई पहिलेच आनाले पाहिजे व्हती." एक वाक्य खर्ची पडलं.

उखर्डू जीपखाली आडवा होऊन हातांनी वाळू उपसत होता. वर आला तेव्हा तोंडात वाळू, मिशीत वाळू, टोपी हातात. समोर ताईबाई. ती चपला हातात धरून, तापलेल्या वाळूतून तिथवर चालत आली होती. तिच्या मागे भागाबाई, काखेत गाठोडं, आणि चेहरा असा की उखर्डू पाठ केलेलं सगळं विसरला.

"निंबा नही उना," तो कसाबसा म्हणाला. "अक्का, निंबा येवाव नही. मी..."

"आठ वरीस व्हई गयात," ताईबाई म्हणाली. "दरसाल तू उघडा डोकानी येस आनि टोपी गाडीले घालस. मी काय आंधळी शे का?"

उखर्डू हातातल्या टोपीकडे पाहत राहिला.

"निंबा कोठे शे माले म्हाईत नही," ती पुढे म्हणाली, आवाज तसाच कोरडा. "तू आठे शे, हाई माले दखाई राह्यनं. टोपी घाल. भाऊ उघडा डोकानी उभा ऱ्हास का?"

त्याने टोपी घातली. वाळूसकट. भागाबाईने गाठोडं खाली ठेवलं, पुढे झाली आणि त्याच्या खांद्यावरची वाळू झटकायला लागली. खांद्याची वाळू केव्हाच गेली होती, तरी झटकत राहिली. ताईबाई नदीकडे तोंड करून उभी होती. मग तिने हलकेच विचारलं, बाळाला कुंची बसली का. उखर्डू म्हणाला, बाळच नाही. "मंग धाड दे परत," ती म्हणाली. "चांगला कपडा व्हता."

तेवढ्यात त्याला दांड्या आठवल्या. तो आत बसला, दोन्ही ओढल्या, आणि विलीज काही झालंच नाही अशी वाळूतून उठून चालायला लागली. पुढे जुंपलेले बैल हकनाक पळायला लागले. सुकदेव त्यांच्यामागे ओरडत धावला. काय ओरडला ते कुणाला कळलं नाही, पण ती तीन वाक्यं नक्की होती.

त्या दिवशी उखर्डूला ओट्यावर बसवून त्याचे पाय धुतले गेले, आणि त्यानंतर तीन वर्षं ताईबाईने त्याला व्याह्याच्या मानाने ताटावर बसवलं. निघताना ती जीपच्या बॉनेटवर दोनदा थाप मारी, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. सहा भावांच्या टोप्या तो पूर्वीसारख्याच नेई. सातवी आता डोक्यावर असे.

शहाण्णव साली अनेरवर पूल झाला आणि खैरबर्डीपर्यंत डांबरी सडक गेली. त्या आखाजीला उखर्डू सकाळी जीप पुसत होता, तेव्हा भागाबाई गाठोडं घेऊन दारात आली. ती पहिल्या एस.टी.ने आली होती. बस रिकामी होती, खिडकीजवळ जागा मिळाली आणि जीपपेक्षा पाऊण तास लवकर पोचले, असं तिने सांगितलं. पुढच्या वर्षी गावातल्या बाकीच्या लेकीही बसनेच आल्या. अठ्ठ्याण्णवला उखर्डूने जीप विकली. घेणाऱ्याने तिचं इंजिन काढून विहिरीवरच्या पंपाला जोडलं.